पुंजोत्तर कूटलेखन

पुंज यामिकीच्या तत्त्वांवर चालणाऱ्या संगणकालाही भेदता येऊ नयेत अशा रीतीने रचलेल्या कूटलेखन पद्धतींना ही संज्ञा लावतात. नावातील ‘उत्तर’ हे पद कालवाचक असून पुंज संगणक प्रत्यक्षात आल्यानंतरही टिकून राहणारे कूटलेखन, असा त्याचा अर्थ आहे. या पद्धती वापरण्यास स्वतः पुंज संगणकाची गरज नसते. रूढ संगणक, मोबाइल फोन व स्मार्टकार्ड यांवर त्या चालतात. बँकांचे व्यवहार, आंतरजालावरील खरेदी, रुग्णांच्या नोंदी, शासकीय पत्रव्यवहार व सैन्याचे संदेश यांची गुप्तता १९७० नंतरच्या दशकांत ज्या गणिती कोड्यांवर सोपविण्यात आली, ती कोडी पुरेशा मोठ्या पुंज संगणकास सोपी ठरतील, हे १९९४ मध्ये दाखवून देण्यात आले. असा संगणक अद्याप कोणी बांधल्याचे ज्ञात नाही. तथापि तो बांधला जाण्यापूर्वीच जुन्या पद्धती बदलणे आवश्यक ठरते. यामुळे २०१६ नंतर या विषयातील संशोधनास व मानकीकरणास मोठी गती मिळाली.

पार्श्वभूमी : प्राचीन काळापासून चालत आलेल्या कूटलेखन पद्धतींत संदेश गूढ करण्याची व तो उलगडण्याची किल्ली एकच असते. या पद्धतींना सममित पद्धती म्हणतात. त्या जलद व भक्कम असतात; परंतु संदेश पाठविण्यापूर्वी ती किल्ली दोन्ही पक्षांकडे गुप्तपणे पोहोचलेली असावी लागते. दूतामार्फत किल्ल्या पाठविणे वकिलातींना व सैन्याला शक्य होते. परस्परांस कधीही न भेटलेल्या लक्षावधी लोकांना मात्र ते अशक्य आहे.

ही अडचण दूर करणारी कल्पना अमेरिकेतील व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. दाबताच बसणारे कुलूप कोणालाही लावता येते, उघडण्यास मात्र किल्ली लागते. त्याप्रमाणे संदेश गूढ करण्याची ‘सार्वजनिक किल्ली’ सर्वांस उघडपणे देता येईल व तो उलगडण्याची ‘खाजगी किल्ली’ केवळ धन्याकडेच राहील, अशी ही कल्पना होती. ब्रिटनच्या शासकीय संदेश-मुख्यालयातील जेम्स एलिस यांनी १९७० मध्ये हीच कल्पना मांडली होती व १९७३ मध्ये क्लिफर्ड कॉक्स यांनी तिला गणिती रूपही दिले होते. परंतु ते काम गुप्त ठेवण्यात आल्याने १९९७ पर्यंत जगास अज्ञात होते.

सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीचा दुसरा उपयोग म्हणजे अंकीय स्वाक्षरी होय. खाजगी किल्लीने केलेली खूण सार्वजनिक किल्लीने कोणालाही पडताळून पाहता येते, पण खोटी करता येत नाही. दस्तऐवजाचा कर्ता कोण व त्यात नंतर फेरफार झाला आहे काय, हे त्यावरून कळते. संगणकात नव्याने येणारी आज्ञावली मूळ उत्पादकाकडूनच आली आहे, याची खात्रीही अशाच स्वाक्षरीने पटविण्यात येते.

आरएसए पद्धत : सार्वजनिक किल्लीची पहिली सर्वमान्य पद्धत रोनाल्ड रिव्हेस्ट, आदी शमीर व लेनर्ड ॲडलमन यांनी १९७७ मध्ये शोधून काढली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या मूळ संख्या शोधणे अत्यंत कष्टाचे, या वस्तुस्थितीवर ती आधारलेली आहे. लहान संख्यांचे एक उदाहरण घेता येईल. ३ व ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ३३ आहे. ३३ ही संख्या व ३ हा घातांक जाहीर केला जातो. ‘४’ हा संदेश पाठवावयाचा असल्यास ४ चा घन, म्हणजे ६४, काढून त्याला ३३ ने भागतात. उरलेली बाकी ३१ हाच कूटसंदेश होय. ज्याला ३३ चे अवयव ठाऊक आहेत त्यास ७ हा गुप्त घातांक काढता येतो. ३१ चा सातवा घात घेऊन ३३ ने भागल्यास बाकी ४ उरते व मूळ संदेश परत मिळतो.

प्रत्यक्षात ३३ च्या जागी सामान्यतः ६१७ अंकी संख्या घेतात. या पद्धतीच्या जनकांनी १९७७ मध्ये एक १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून जाहीर केली होती. तिचे अवयव पाडण्यास कोट्यवधी वर्षांहूनही अधिक काळ लागेल, असा तत्कालीन अंदाज होता. प्रत्यक्षात १९९४ मध्ये आंतरजालाद्वारे जोडलेल्या सु. १,६०० संगणकांच्या साहाय्याने ते काम सु. आठ महिन्यांत पुरे झाले. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे अवयव पाडण्यात आले. त्याला एका संगणक-गाभ्याच्या सु. २,७०० वर्षांइतके काम करावे लागले. यावरून ६१७ अंकी संख्या रूढ संगणकांच्या आटोक्याबाहेर आहे, असे मानण्यात येते.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे. दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे ठरविणे व ती मूळ नसल्यास तिचे अवयव शोधणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नाची जलद व निश्चित उकल कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मणींद्र अगरवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली. दुसऱ्या प्रश्नासाठी रूढ संगणकावर चालणारी तशी रीत कोणासही सापडलेली नाही. अशी रीत असूच शकत नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. डिफी–हेलमन पद्धत व नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी १९८५ मध्ये स्वतंत्रपणे सुचविलेली विवृत्तीय वक्रांची पद्धत या विविक्त लॉगरिथम शोधण्याच्या प्रश्नावर आधारलेल्या आहेत व त्यांनाही हेच विधान लागू पडते. सार्वजनिक किल्लीची सुरक्षितता ही सिद्ध झालेली गोष्ट नाही. अनेकांनी दीर्घकाळ प्रयत्न करूनही अपयश आले, या अनुभवावर ती उभी आहे.

पुंज संगणकाचा धोका : रूढ संगणकातील बिट ० किंवा १ यांपैकी एकाच स्थितीत असतो. पुंज संगणकातील क्युबिट या दोन्ही स्थितींच्या अध्यारोपणात राहू शकतो [⟶ पुंज यामिकी]. त्यामुळे पुंज संगणक सर्व पर्याय एकदम तपासून योग्य उत्तर निवडतो, असा समज प्रचलित आहे. परंतु तो बरोबर नाही. क्युबिटांचे मापन करताच अध्यारोपण संपते व एकच उत्तर हाती येते. तरंगांच्या व्यतिकरणाप्रमाणे चुकीची उत्तरे परस्परांस छेदून जावीत व बरोबर उत्तर बळकट व्हावे, अशी आकडेमोडीची रचना करावी लागते. मोजक्याच प्रश्नांत अशी रचना साधते. संख्येचे अवयव पाडणे हा त्यांपैकी एक प्रश्न होय, असे अमेरिकन गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले.

शोर यांच्या रीतीचे मर्म आवर्तन शोधण्यात आहे. वरील ३३ ही संख्याच घेऊ. ५ चे क्रमाने पहिला, दुसरा, तिसरा असे घात घेऊन प्रत्येकास ३३ ने भागल्यास ५, २५, २६, ३१, २३, १६, १४, ४, २०, १ अशा बाक्या उरतात व पुढे हीच मालिका पुन्हा सुरू होते. आवर्तन १० पदांचे आहे. त्याच्या निम्मे म्हणजे पाचवे पद २३ आहे. त्याच्या अलीकडची व पलीकडची संख्या अनुक्रमे २२ व २४ होय. २२ व ३३ यांचा महत्तम साधारण विभाजक ११ येतो, तर २४ व ३३ यांचा ३ येतो. हेच ३३ चे अवयव आहेत. शेकडो अंकी संख्येच्या बाबतीत हे आवर्तन इतके लांब असते की, रूढ संगणकाने एकेक पद काढून ते सापडणे अशक्य होय. पुंज संगणक मात्र व्यतिकरणाच्या साहाय्याने आवर्तनाची लांबी थेट उघड करतो. विविक्त लॉगरिथमही याच मार्गाने काढता येतो. म्हणजे प्रचलित सार्वजनिक किल्लीच्या पद्धती एकाच रीतीने निकामी होतात.

सममित पद्धतींना एवढा धोका नाही. लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये शोधलेल्या पुंज रीतीने किल्ली हुडकण्याचे काम कमी होते. परंतु ते साधारणतः पर्यायांच्या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच उतरते. किल्लीची लांबी दुप्पट केली, उदा., १२८ बिटांऐवजी २५६ बिट घेतले, की पूर्वीचे बळ पुन्हा प्राप्त होते.

शोर यांची रीत प्रत्यक्षात आणण्यातील मुख्य अडचण क्युबिटांच्या नाजूकपणाची आहे. उष्णता, विद्युत् चुंबकीय क्षोभ इ. कारणांनी त्यांची स्थिती बिघडते. म्हणून अनेक भौतिक क्युबिट एकत्र बांधून, त्यांतील चुका सतत सुधारीत, एक भरवशाचा तार्किक क्युबिट तयार करावा लागतो. २००१ मध्ये सात क्युबिटांच्या यंत्रावर १५ चे अवयव पाडण्यात आले होते. तथापि ते केवळ तत्त्वदर्शन होते. डिसेंबर २०२४ मध्ये गूगल कंपनीच्या संशोधकांनी १०५ क्युबिटांच्या ‘विलो’ या चकतीवर एक महत्त्वाचा टप्पा गाठल्याचे प्रसिद्ध केले. चूक-सुधारणेसाठी वापरलेल्या क्युबिटांची संख्या वाढविली असता एकूण चुकांचे प्रमाण वाढण्याऐवजी प्रत्येक पायरीस निम्म्याहून खाली आले. यंत्र मोठे करीत गेल्यास ते अधिक भरवशाचे होऊ शकते, याचा हा पुरावा होय.

दुसऱ्या बाजूने, लागणाऱ्या यंत्राच्या आकाराचा अंदाजही घटत गेला. ६१७ अंकी आरएसए संख्येचे अवयव आठ तासांत पाडण्यास सु. दोन कोटी भौतिक क्युबिट लागतील, असे क्रेग गिडनी व मार्टिन एकेरो यांनी २०१९ मध्ये दाखविले होते. गिडनी यांनीच २०२५ मध्ये सुधारित आकडेमोड मांडली. तीनुसार दहा लाखांहून कमी क्युबिटांनी हे काम एका आठवड्याच्या आत होऊ शकेल. २०२५ मधील शे-दोनशे क्युबिटांच्या यंत्रांपासून हा पल्ला दूरचा असला, तरी सहा वर्षांत गरज सु. विसाव्या भागावर आली, ही बाब लक्षणीय आहे.

आजच तयारी का : कुलपाची नवी रचना वापरण्यास चोर येईपर्यंत थांबले तरी चालेल, असे सामान्य व्यवहारात म्हणता येते. कूटलेखनात ते चालत नाही. आज तारांतून वा आकाशमार्गे जाणारे कूटसंदेश कोणीही टिपून साठवून ठेवू शकतो व पुढे पुंज संगणक हाती आल्यावर ते उलगडू शकतो. नवी पद्धत नंतर आणली, तरी आधीच टिपलेले संदेश परत गुप्त करता येत नाहीत.

कॅनडातील गणितज्ञ मिकेले मोस्का यांनी हा विचार एका साध्या असमतेत मांडला आहे. माहिती जितकी वर्षे गुप्त राहावयास हवी ती वर्षे, अधिक नवी पद्धत सर्वत्र लागू करण्यास लागणारी वर्षे, यांची बेरीज पुंज संगणक तयार होण्यास लागणाऱ्या वर्षांहून अधिक असेल, तर धोका आजच अस्तित्वात आहे. उदा., रुग्णाच्या आनुवंशिक आजाराची नोंद ३० वर्षे गुप्त राहणे इष्ट असेल व यंत्रणा बदलण्यास १० वर्षे लागणार असतील, तर पुंज संगणक ३५ वर्षांनी येणार असला तरीही उशीर झालेला आहे. एका दिवसापुरत्या परवलीच्या आकड्यास मात्र या स्वरूपाचे भय नाही. अंकीय स्वाक्षरीचे प्रकरण वेगळे आहे. स्वाक्षरी पूर्वलक्षी प्रभावाने चोरता येत नाही. परंतु वीस-पंचवीस वर्षे वापरात राहणारी वाहने, वीजमापके वा उपग्रह यांत आज बसविलेली पडताळणी-किल्ली पुढे बदलता येईलच असे नाही. म्हणून तेथेही आधीच विचार करावा लागतो.

प्रमुख प्रकार : पुंज संगणकालाही कठीण वाटतील अशा प्रश्नांचा शोध घेऊन नव्या पद्धती रचण्यात आल्या आहेत. त्यांचे पुढील प्रकार महत्त्वाचे आहेत.

(१) जालकाधिष्ठित पद्धती : अवकाशात नियमित अंतरांवर मांडलेल्या बिंदूंच्या समूहास जालक म्हणतात. शेकडो मितींच्या जालकात दिलेल्या स्थानाच्या सर्वांत जवळचा बिंदू शोधणे अतिशय अवघड असते. मिक्लोश आय्ताय यांनी १९९६ मध्ये जालकांचा कूटलेखनाशी मूलभूत संबंध जोडला व ओडेड रेगेव्ह यांनी २००५ मध्ये ‘चुकांसह समीकरणे’ हा त्याचा सोयीस्कर प्रकार मांडला. त्याची कल्पना शालेय बीजगणिताच्या आधारे येऊ शकेल. क्ष = ५ व य = ९ या गुप्त संख्या आहेत असे समजू. प्रत्येक बेरजेला २३ ने भागून उरलेली बाकी घ्यावयाची व तीत मुद्दाम १ ची चूक करावयाची, असे ठरविले. मग ३क्ष + ७य याचे खरे मूल्य ९ असता १० सांगितले जाते. ११क्ष + २य याचे ४ असता ३ व ४क्ष + ५य याचे १९ असता २० सांगितले जाते. पहिली दोन समीकरणे खरी मानून नेहमीप्रमाणे सोडविल्यास क्ष = १२ व य = १६ अशी भलतीच उत्तरे येतात आणि तिसऱ्या समीकरणाचा ताळा २० ऐवजी १३ येतो. चूक एकाचीच, पण उत्तर पार भरकटते. दोनच अज्ञाते असल्यास सर्व शक्यता तपासता येतात. प्रत्यक्ष पद्धतीत शेकडो अज्ञाते असतात व मग रूढ किंवा पुंज संगणकावर चालेल अशी जलद रीत ज्ञात नाही. ज्याच्याकडे गुप्त संख्या आहेत तो मात्र लहान चुका सहज वगळून संदेश वाचू शकतो.

(२) संकेताधिष्ठित पद्धती : दूरसंदेशवहनात वाटेत होणाऱ्या चुका सुधारण्यासाठी विशेष संकेत वापरतात. संदेशात मुद्दाम चुका घालून, त्या सुधारण्याची युक्ती गुप्त ठेवणारी पद्धत रॉबर्ट मॅकएलिस यांनी १९७८ मध्ये सुचविली. चार दशकांहून अधिक काळ ती मूलतः अभेद्य राहिली आहे. परंतु तिची सार्वजनिक किल्ली फार मोठी, किमान सु. अडीच लक्ष बाइटांची असते.

(३) संक्षेप-फलनांवर आधारित स्वाक्षऱ्या : कोणत्याही मजकुराचे ठराविक लांबीच्या, उलट न फिरविता येणाऱ्या संक्षेपात रूपांतर करणाऱ्या फलनांवर या आधारलेल्या आहेत. लेस्ली लॅम्पोर्ट व राल्फ मर्कल यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांचा पाया घातला. इतर कोणत्याही नव्या गणिती गृहीतकाची गरज नसल्याने त्या अत्यंत विश्वसनीय मानल्या जातात. स्वाक्षरीची लांबी हा त्यांचा दोष होय.

(४) अन्य पद्धती : अनेक चलांच्या वर्गसमीकरणांवर व विवृत्तीय वक्रांमधील विशिष्ट संबंधांवर, म्हणजे आयसोजेनींवर, आधारित पद्धतीही सुचविण्यात आल्या. त्यांपैकी दोन प्रसिद्ध पद्धतींचे काय झाले, हे पुढे दिले आहे.

मानकीकरण : अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये जगभरातील संशोधकांकडून प्रस्ताव मागविले. मुदतीअखेर ८२ प्रस्ताव आले व त्यांपैकी ६९ विचारार्थ स्वीकारण्यात आले. प्रत्येक प्रस्तावाचा सर्व तपशील उघड करण्यात आला व तो मोडून दाखविण्याचे आवाहन सर्वांस करण्यात आले. पद्धत गुप्त ठेवून मिळालेली सुरक्षितता भ्रामक असते. केवळ किल्ली गुप्त असावी, या जुन्या तत्त्वाचेच हे अनुसरण होते.

या सार्वजनिक कसोटीचे मोल २०२२ मध्ये प्रकर्षाने प्रत्ययास आले. बहुचल समीकरणांवर आधारित ‘रेनबो’ ही स्वाक्षरी-पद्धत अंतिम फेरीपर्यंत पोहोचली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉर्ड ब्युलेन्स यांनी तिची एक किल्ली साध्या लॅपटॉप संगणकावर दोन-तीन दिवसांत शोधून काढली. त्याच वर्षी जुलैअखेर बेल्जियममधील लूव्हेन येथील वाउटर कास्ट्रिक व थॉमस डेक्रू यांनी ‘साइक’ ही आयसोजेनी पद्धत मोडली. त्यांच्या आज्ञावलीस संगणकाच्या एकाच गाभ्यावर सु. एक तास पुरला. त्यांनी आधार घेतलेला गणिती सिद्धांत १९९७ मध्येच प्रसिद्ध झालेला होता. त्याचा येथे उपयोग होईल हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नव्हते. या दोन्ही हल्ल्यांस पुंज संगणकाची गरज भासली नाही, ही गोष्ट विशेष उद्‌बोधक आहे. पुंज संगणकापासून बचाव करण्यासाठी घाईने स्वीकारलेली पद्धत रूढ संगणकासच बळी पडू शकते.

जुलै २०२२ मध्ये चार पद्धतींची निवड जाहीर झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांपैकी तिहींची मानके प्रसिद्ध करण्यात आली : किल्लीच्या देवघेवीसाठी ‘कायबर’ या जालक पद्धतीवरून ‘एमएल-केईएम’, स्वाक्षरीसाठी ‘डायलिथियम’ या जालक पद्धतीवरून ‘एमएल-डीएसए’ आणि संक्षेप-फलनांवर आधारित ‘एसएलएच-डीएसए’. चौथी निवड ‘फाल्कन’ या जालक-स्वाक्षरीची होती. सर्व भिस्त जालकांवर राहू नये म्हणून मार्च २०२५ मध्ये ‘एचक्यूसी’ या संकेताधिष्ठित पद्धतीचीही निवड करण्यात आली.

ही सावधगिरी अनाठायी नाही. एप्रिल २०२४ मध्ये बीजिंगच्या त्सिंग्हुआ विद्यापीठातील यीलेई चेन यांनी जालकांचे काही प्रश्न पुंज संगणकावर जलद सोडविण्याची रीत सापडल्याचा लेख प्रसृत केला. सुमारे आठवडाभर जगभरातील तज्ञांनी तो तपासला. त्यातील एका पायरीत चूक असल्याचे निदर्शनास आले व लेखकाने ती मान्य केली. निष्कर्ष टिकला नाही. परंतु ज्या पायावर नवी इमारत उभी राहत आहे तो पायाही अद्याप सिद्धतेचा नसून अनुभवाचाच आहे, हे त्या प्रसंगाने स्पष्ट झाले.

अवलंब व अडचणी : नव्या पद्धतींचा वेग समाधानकारक आहे, अडचण मुख्यतः आकाराची आहे. विवृत्तीय वक्रांच्या पद्धतीत ३२ बाइटांची सार्वजनिक किल्ली पुरत असे. एमएल-केईएमच्या मध्यम प्रकारात ती १,१८४ बाइटांची असते. ६४ बाइटांच्या स्वाक्षरीच्या जागी एमएल-डीएसएच्या मध्यम प्रकारात ३,३०९ बाइट लागतात, तर एसएलएच-डीएसएची लहानात लहान स्वाक्षरीही ७,८५६ बाइटांची असते. मोठ्या संगणकास याचे ओझे वाटत नाही. परंतु स्मार्टकार्ड, वीजमापक, हृदयस्पंदक यांसारख्या अल्प स्मृतीच्या साधनांत ते जाणवते.

दुसरी अडचण अंमलबजावणीची आहे. गणित निर्दोष असूनही आज्ञावली लिहिताना गुप्त माहिती फुटू शकते. कायबरच्या काही आज्ञावल्यांत भागाकारास लागणाऱ्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून गुप्त किल्लीचा माग लागू शकतो, असे २०२३ च्या अखेरीस आढळले व त्या दुरुस्त कराव्या लागल्या.

या कारणांमुळे संक्रमणकाळात संमिश्र पद्धत पसंत केली जाते. तीत जुनी व नवी अशा दोन्ही पद्धतींनी मिळालेल्या किल्ल्या एकत्र केल्या जातात. दोन्ही मोडल्याखेरीज संदेश उलगडत नाही. गूगलच्या ‘क्रोम’ या आंतरजाल न्याहाळकात ऑगस्ट २०२३ पासून, ‘सिग्नल’ या संदेशवहन सेवेत सप्टेंबर २०२३ पासून व ॲपल कंपनीच्या संदेशसेवेत २०२४ पासून अशी व्यवस्था करण्यात आली. त्यामुळे असंख्य लोक नकळत पुंजोत्तर कूटलेखन वापरू लागले. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने मार्च २०२५ मध्ये संपूर्ण संक्रमणासाठी २०३५ ही मर्यादा सुचविली.

भारतात केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय पुंज अभियानास मान्यता दिली. ५० ते १,००० क्युबिटांचे संगणक बांधणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने उभारलेल्या सहा क्युबिटांच्या अतिसंवाहक यंत्राची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. मात्र पुंज यंत्र बांधणे व पुंज यंत्रापासून संरक्षण करणे, ही कामे वेगवेगळी आहेत. दुसऱ्यासाठी यंत्राची वाट पाहावी लागत नाही. कोणत्या कार्यालयात कोणती कूटलेखन पद्धत कोठे वापरली जाते याची नोंद करणे, हे त्याचे पहिले पाऊल होय.

पुंजोत्तर कूटलेखन व पुंज किल्ली-वितरण यांतही गल्लत होऊ नये. पुंज किल्ली-वितरणात प्रकाशकण पाठवून किल्ली तयार करतात व मध्येच कोणी डोकावल्यास ते भौतिक नियमांमुळे उघडकीस येते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०२१ मध्ये अहमदाबाद येथे ३०० मी. अंतरावर त्याचे प्रात्यक्षिक केले. तथापि त्यास विशेष उपकरणे लागतात व संदेश पाठविणारा खरा कोण, ही खात्री वेगळ्या मार्गाने करावी लागते. सर्वसामान्य आंतरजालासाठी गणिती पद्धतीच अधिक व्यवहार्य ठरल्या आहेत.

मूल्यमापन : पुंज संगणक केव्हा तयार होईल, यावर तज्ञांचे एकमत नाही. तो तयार झाला नाही, तरी या क्षेत्रातील प्रयत्न वाया जाणार नाहीत. सर्व जगाची गुप्तता एक-दोन गणिती प्रश्नांवर सोपविणे धोक्याचे आहे व एक पद्धत काढून दुसरी सहजपणे बसविता येईल अशी संगणक यंत्रणांची रचना असावी, हा धडा त्यातून मिळाला आहे. कूटलेखनातील कोणतीही पद्धत कायमची अभेद्य म्हणून स्वीकारता येत नाही. ती उघडपणे मांडावी, उत्तमांतील उत्तम बुद्धिमंतांनी ती मोडण्याचा अखंड प्रयत्न करावा आणि टिकून राहील तोवर, तिचा उत्तराधिकारी सिद्ध ठेवून, तिच्यावर विसंबावे, एवढेच शक्य असते.